तुझ्या जागी वाजवलेली चार गाणी

१२ जानेवारी

प्रिय छोट्या,

त्या सकाळी आंघोळ करून मी देवापुढे बसलो आणि हात जोडायच्या आधीच उठलो. तुझ्या वहिनीला म्हणालो, साबणाच्या जाहिरातीचं रेकॉर्डिंग आहे, जेवायला माझी वाट बघू नकोस. साबण वगैरे काही नव्हतं. बास गिटार खांद्याला अडकवली आणि मागच्या गल्लीने गेलो, कारण पुढच्या रस्त्यावर तुझी खोली होती आणि त्या वेळेला तू खिडकीत आरसा टेकवून दाढी करत असायचास. दहाच्या आत मी स्टुडिओत होतो. दोनला बाहेर पडलो, तेव्हा तुमच्या बँडच्या पहिल्या रेकॉर्डमधल्या चार गाण्यांवर तुझा बास उरला नव्हता. माझा होता.

लिहून झालं. एवढ्यासाठी मला चोवीस वर्षं लागली. मधे उठून स्वयंपाकघरातला नळ नीट बंद आहे का ते पाहून आलो. बंदच होता.

आपण नऊ वर्षं बोललेलो नाही. त्यामुळे कसा आहेस, मुलगी कितवीत गेली, हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही, माहीत नाही. ते सगळं ताईकडून कळतं. तू लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतोस, तुझ्या हाताखाली चार माणसं आहेत, गुडघा दुखतो. माझंही तिच्याकडून तुला कळत असेलच. पाठ दुखते, केस गेले, वाजवणं चालू आहे.

आता हे का उकरून काढतोय ते सांगतो. मागच्या आठवड्यात रेकॉर्ड कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. ती रेकॉर्ड ते पुन्हा काढतायत. या वेळी सगळी वाद्यं सुटी करून देणार, म्हणजे ज्याला नुसता बास ऐकायचाय त्याने नुसता बास ऐकावा. असे लोक असतात म्हणे. ती म्हणाली, "सर, जुन्या फितींच्या डब्यांवर बासच्या दोन-दोन नोंदी आहेत. एकीवर 'धाकटा' लिहिलंय, एकीवर 'मोठा'. आमच्या यादीत फक्त तुमच्या भावाचं नाव आहे. मग हा मोठा कोण?"

मी म्हणालो, "बघून सांगतो." बघायचं काय होतं त्यात?

म्हणजे आज ना उद्या हे बाहेर येणार. परक्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय. त्या रेकॉर्डचे निर्माते, आपण ज्यांना साहेब म्हणायचो, त्यांनी मला आदल्या संध्याकाळी फोन केला होता. म्हणाले, पोराचं वाजवणं ढिलं पडलंय, रेडिओवर चालायचं नाही, तू घरचाच आहेस, उद्या गुपचूप येऊन नीट करून दे. साहेब आता हयात नाहीत, तेव्हा त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. ढकलतोय असं वाटलं तर वाटू दे. तू वाजवलेलं मी ऐकलंसुद्धा नाही. वेळच नव्हता. बसलो, वाजवलं, उठलो.

आमच्या धंद्यात असं चालतं, हे तुला माहीत आहे. स्टुडिओत रोजावर वाजवणाऱ्याने आत जे वाजवलं ते बाहेर बोलायचं नसतं. किती बँडच्या किती रेकॉर्डवर माझी बोटं आहेत आणि नाव दुसऱ्याचं आहे! मी त्याचं कधी दुःख केलं नाही. हे तेवढं वेगळं होतं, एवढंच म्हणतो.

उत्तर पाठव असं म्हणत नाही. पाठवलंस तर बरं वाटेल.

तुझा,
दादा


२७ जानेवारी

प्रिय छोट्या,

काल ताईचा फोन आला. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, म्हणजे तिने काही गाळलं असेल तर तुला कळेल.

"पत्र पोचलं त्याला," ती म्हणाली.

"काय म्हणाला?"

"आधी बस कुठेतरी."

"बसलोय."

"खोटं. चपलांचा आवाज येतोय मला. बरं, उभ्याने ऐक. तो म्हणाला, ताई, त्याला सांग, माझ्या अंगावरचा शर्ट तेवढा राहिलाय, तोही येऊन घेऊन जा म्हणावं."

मी चपला काढून बसलो. मग ती म्हणाली, "त्याचा विश्वास नाही रे. तो म्हणतो, दादाला माझं कधी बघवलं नाही. आयुष्यात एक गोष्ट धड केली मी, ती चार गाणी. आता कंपनी परत काढतेय म्हटल्यावर तीही याला स्वतःची म्हणायचीत. त्याची मुलगी मोबाईलवर ती गाणी लावते आणि मैत्रिणींना सांगते, हे आमचे बाबा. तिला काय सांगू, म्हणाला."

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? तुम्हा दोघांच्या मधे पडण्यात माझा जन्म गेला. पत्र फाडलं नाहीये त्याने, एवढं सांगते. पान्यांच्या पेटीत ठेवलंय." आणि मग, "खरं लिहिलंयस ना?"

"ताई!"

"विचारलं रे. खरं बोलताना तुझा आवाज जास्त खोटा वाटतो, लहानपणापासून."

छोट्या, पत्र लिहिताना मी सगळे विचार केले होते. तू चिडशील, रडशील, शिव्या घालशील. तुझा विश्वासच बसणार नाही, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, का बसावा? चोवीस वर्षं तू त्या गाण्यांत स्वतःला ऐकतो आहेस. तुला तसं ऐकू यावं म्हणूनच तर मी तसं वाजवलं होतं.

हे मागच्या पत्रात लिहिलं नाही. लिहितो.

साहेबांनी "नीट करून दे" म्हटलं होतं, "धाकट्यासारखं करून दे" असं म्हटलं नव्हतं. ते मीच ठरवलं. वरच्या सुराला जाताना तू तारेवरून बोट घसरवत न्यायचास. मी तसं कधीच करत नाही, तुला शिकवतानाही मी त्यावरून ओरडायचो. त्या दिवशी मी ते मुद्दाम केलं. ओळ संपता संपता तू शेवटचा सूर जरा लवकर सोडायचास, पाहुणा अर्ध्या जेवणावरून उठावा तसा. तेही केलं. तुला कळू नये म्हणून. दुसऱ्याच्या नावाची सही इतक्या निगुतीने करणारा माणूस पकडला जात नाही, आणि पकडला गेला नाही म्हणून त्याला झोपही लागत नाही.

आता वाचताना तुझ्या लक्षात येईल: तुझं वाजवणं ऐकलंच नव्हतं, तर मी इतकी हुबेहूब नक्कल कशी केली? ऐकलं होतं. हेडफोन लावून चारही गाणी ऐकली होती. मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

उठून गॅलरीत जाऊन आलो. समोरच्या इमारतीत एक बाई रोज त्याच वेळेला तीच सतरंजी झटकते. तिला बघितलं की मला बरं वाटतं.

रेकॉर्ड निघाली तेव्हा तू ती घेऊन माझ्याकडे धावत आला होतास. मी एका गायकाच्या मागे साथीला गाऊन स्टुडिओच्या फाटकाबाहेर आलो होतो. तू म्हणालास, "दादा, ऐकलीस? मला खरंच वाटेना. मी एवढं बरं वाजवलं?" मग माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. "सांग ना, कसं झालंय?"

मी म्हणालो, "ठीक आहे."

त्या क्षणी मला सुचलेला प्रामाणिकपणा तेवढाच होता, छोट्या. स्वतःच्याच वाजवण्याची तुझ्यापाशी स्तुती कशी करायची? आणि वाईट झालंय म्हणणं तर त्याहून वाईट. तुझा चेहरा उतरला. पुढे, नऊ वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात, हॉस्पिटलच्या त्या लांब व्हरांड्यात, तू मला म्हणालास, "तुला माझं कौतुक एकदाही करवलं नाही." तेव्हाच सांगायला हवं होतं. आत आईला सलाईन लावत होते. मी म्हणालो, "ही जागा आहे का हे बोलायची?" जागा नव्हतीच. पण नंतर मी कुठलीच जागा शोधली नाही.

मधल्या काळात तुझं काय झालं, ते मी लांबून बघत होतो. स्टेजवर ती गाणी तुझ्या हातातून रेकॉर्डसारखी निघेनात. तुमचा गायक, आपला कप्तान, सगळ्यांच्या देखत म्हणायचा, "अरे, रेकॉर्डवर वाजवणारा तूच ना, की तुझा जुळा भाऊ आहे?" आणि सगळे हसायचे. कप्तानला ठाऊक होतं. साहेबांनी त्याला सांगितलं होतं. बाकी कुणाला नव्हतं. तू बोटं सोलवटून निघेपर्यंत तालीम करायचास, स्वतःची बरोबरी करायला. चौथ्या वर्षी बास विकून टाकलास. म्हणालास, माझ्या हातात राहिलं नाही.

तुझ्या हातात जे होतं ते तुझं होतं. जे नव्हतं ते माझं होतं. हे मला एकट्याला माहीत होतं आणि मी जाहिराती वाजवत फिरत होतो.

पुरावा मागशील तर मिळेल. फिती आहेत. पण त्या ऐकायला जायचं म्हटलं की माझं पाऊल उचलत नाही. का, ते आत्ता विचारू नकोस.

दादा


३ फेब्रुवारी

छोट्या,

आज लिहायचं वेगळंच होतं, पण कप्तान घरी येऊन गेला. ते आधी.

बारा वर्षांनी आला. पोट सुटलंय, केस काळे केलेत, गॉगल डोक्यावर. तुझ्या वहिनीला म्हणाला, "वहिनी, तुम्ही आहात तशाच आहात." ती म्हणाली, "तुम्ही मात्र बरेच जास्त झालात." बसला. म्हणाला, रेकॉर्ड परत निघतेय, त्यासोबत सात शहरांत कार्यक्रम करायचेत, सगळा जुना बँड. "बास तू वाजवायचास. दोन गाणी तू गायचीस. पोस्टरवर तुझा फोटो."

मी म्हणालो, "छोट्याची जागा आहे ती."

"त्याने पंधरा-वीस वर्षं बासला हात लावला नाहीये. आणि उगाच शुद्ध तुपातला होऊ नकोस. वाजवलंय कोणी, तूच ना?"

"कंपनीच्या मुलीला काय सांगायचं? 'मोठा' कोण म्हणून?"

"सांगायचं, मोठा आवाज. अरे, काहीही सांग! लोकांना बासवाल्याचं तोंड आठवत नाही, तू डब्यावरच्या नोंदीचं काय घेऊन बसलास?"

एक कबूल करतो. तो गेल्यावर मी आरशासमोर उभा राहिलो, पट्टा गळ्यात घालून. एकोणपन्नासाव्या वर्षी. तुला आठवतं, गावच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी मला शेवटच्या ओळीत उभं करायचे? म्हणायचे, वरून सगळेच गातात, तू खालून धर. मी आयुष्यभर खालून धरलं. आधी या बँडमध्ये, मग लग्न झाल्यावर रोजच्या कामासाठी बँड सोडला आणि तुला माझ्या जागेवर उभं केलं. त्यानंतर दुसऱ्यांच्या आवाजाखाली, दुसऱ्यांच्या नावाखाली. एकदा स्वतःची रेकॉर्ड काढली, मुखपृष्ठावर माझा चेहरा. ती विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मी ओळखतो. तेव्हा सात शहरं, पोस्टर आणि दोन गाणी मला नकोच आहेत, असं म्हणालो तर ते आणखी एक खोटं होईल.

त्याला अजून नाही म्हटलेलं नाही.

दादा


१० फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

फिती ऐकून आलो.

रेकॉर्डिंगवाले काका आठवतात ना, काचेपलीकडे बसून नुसत्या बोटाने खुणा करायचे ते? कंपनीने जुन्या फिती साफ करायला त्यांनाच दिल्यात. घरातल्याच एका खोलीत भिंतींना गोधड्या लावून बसतात. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. मी बघतोय असं पाहून म्हणाले, "घाबरू नकोस. संगीत नीट ऐकू येतं. फक्त बायकोचं येत नाही, आणि ते मी दुरुस्त करून घेत नाही." ज्या सकाळी मी ते काम केलं, त्या सकाळी यंत्रावर तेच होते. डब्यांवरचं 'धाकटा' आणि 'मोठा' हे अक्षर त्यांचंच.

त्यांनी आधी पहिली तीन गाणी लावली. तुझा बास एकटा, मग माझा. खरं सांगतो, कारण आता दुसरं काही सांगण्यात अर्थ नाही: त्या तिन्हींत साहेब बरोबर होते. पहिल्यात तू घाबरलेला आहेस. दुसऱ्यात पळत सुटला आहेस, ड्रमवाला मागून हाका मारतोय असं वाटतं. तिसऱ्यात एक सूर चक्क चुकला आहे आणि तो लपवायला तू पुढचा जोरात वाजवला आहेस. एकवीस वर्षांचा होतास. मी तुझ्या वयाचा असताना याहून वाईट वाजवायचो, पण मला कोणी रेकॉर्ड करत नव्हतं.

मग काका म्हणाले, "चौथं लावू?"

मी म्हणालो, "राहू द्या."

"त्यासाठीच तर आलायस."

त्यांनी लावलं.

छोट्या, त्या गाण्यात ओळ सुरू होते तिथे बासने यायला हवं, तिथे तू येत नाहीस. सगळे येतात, तू येत नाहीस. ऐकणारा पुढे झुकतो. आणि आता काहीतरी पडणार असं वाटतं तेव्हा तू येतोस, घाई न करता, अंधाऱ्या जिन्यात कोणीतरी हात धरावा तसा. प्रत्येक ओळीला तसंच. हे ढिलं नाही. मी तीस वर्षं वाजवतोय. मला ते जमत नाही. मी घड्याळ आहे, म्हणून मला कामं मिळतात. घड्याळाला थांबता येत नाही.

मग काकांनी माझा लावला. प्रत्येक सूर जागच्या जागी. तू सोडलेली प्रत्येक मोकळी जागा मी बुजवून टाकली होती, आणि वर तुझं ते बोट घसरवणं चिकटवलं होतं, शोभेसाठी.

काकांनी यंत्र बंद केलं. मी म्हणालो, "साहेबांना हे कळलं कसं नाही?"

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "खरंच विसरलास, की माझ्या तोंडून ऐकायचंय?"

"काय?"

"साहेबांनी तीन गाणी सांगितली होती. चौथं राहू दे म्हणाले होते, पोराने ते बरं वाजवलंय म्हणाले. तू आत होतास, हेडफोन काढायच्या बेतात. आणि तूच म्हणालास, आता बसलोच आहे तर तेही करून टाकतो, सगळं एकसारखं होईल. साहेबांना जेवायला जायचं होतं. ते म्हणाले, कर."

मी विसरलो नव्हतो, छोट्या. मी या गोष्टीला इतक्या वर्षांत वेगवेगळे कपडे घालून ठेवले होते. एकसारखं व्हावं म्हणून. रेकॉर्ड चांगली व्हावी म्हणून. तुझ्याच भल्यासाठी. रोज सकाळी देवापुढे बसतो, तेव्हाही कधी ही गोष्ट उघड्या अंगाने समोर ठेवली नाही. देवाला सांगायचं काय, त्याला माहीतच आहे, असं म्हणून पुढे सरकायचो. हेडफोनमध्ये तुझं चौथं गाणं ऐकलं, तेव्हा मला कळलं की मी शिकवलेला मुलगा माझ्या पुढे गेलाय, आणि अजून कोणाला ते ठाऊक नाहीये. ते कोणाला कळायच्या आत मी पुसलं.

तू ताईला म्हणालास, दादाला माझं बघवलं नाही. तू मला उद्देशून इतक्या वर्षांत जे जे बोललास, त्यातलं हे एकच मी मनापासून खोटं मानत आलो. तेच खरं होतं.

तिथून घरी चालत आलो, दीड तास. दोनदा रस्ता चुकलो, माझ्याच शहरात.

दादा


१९ फेब्रुवारी

छोट्या,

ताई म्हणते, मागचं पत्र वाचून तू दिवसभर कामावर गेला नाहीस, आणि तिला फोन करून एवढंच विचारलंस की, "चौथं कुठलं?" तिने विचारलं, "म्हणजे?" तर फोन ठेवलास.

रेकॉर्डवर शेवटून दुसरं. संथ आहे ते.

कप्तानचे रोज दोन फोन येतात. तालीम एक मार्चपासून. तुझी वहिनी म्हणते, "जायचं तर जा, नाही तर नाही म्हणा, पण घरात येरझारा घालू नका, फरशी झिजेल." तिला मी सगळं सांगितलंय. ऐकून घेतलं आणि एकच बोलली: "साबणाची जाहिरात म्हणालात त्या दिवशी. मी आठवडाभर ती रेडिओवर लागायची वाट बघत होते."

दादा


३ मार्च

प्रिय छोट्या,

परवा तालमीला गेलो. हे वाचून पान बाजूला ठेवू नकोस, पुढे वाच.

हॉल एका गोदामाच्या वर आहे. खाली लाकडी खोकी, वर आम्ही. कप्तान होता, ड्रम वाजवणारा आपला बंब होता. बंब आता दोन माणसांएवढा झालाय आणि ड्रमच्या मागून निम्माच दिसतो. कंपनीची मुलगीही होती, मुलाखती घ्यायला. मी बास नेला नव्हता. कप्तान म्हणाला, "हे काय, रिकाम्या हाताने? लग्नाला आलायस की काय?"

मी म्हणालो, "आधी एक ऐकायचंय."

काकांकडून आणलेलं चौथं गाणं मी स्पीकरला लावलं. तुझा बास आणि बंबचा ड्रम, दोनच. कप्तानला पहिल्या ओळीतच कळलं. तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "बंद कर. हे आत्ता इथे नको."

बंब म्हणाला, "थांब रे."

सगळं गाणं त्याने मान खाली घालून ऐकलं. छोट्या, ही गोष्ट मला बाजूला ठेवताच येत नाहीये: रेकॉर्डिंगच्या दिवशी बंबने तुझ्याबरोबर वाजवलं होतं. समोरासमोर, तुझ्याकडे बघत. तू थांबायचास तिथे तोही हात किंचित रोखायचा. दुसऱ्या दिवशी मी तुझा बास काढला, पण त्याचा ड्रम तोच राहिला. म्हणजे चोवीस वर्षं तो रेकॉर्डवर एका माणसाची वाट बघत होता आणि माणूस दुसराच येत होता.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "मला वाटायचं माझंच चुकलंय. ते गाणं रेकॉर्डवर ऐकलं की वाटायचं, मी अडखळतोय, का अडखळतोय? म्हणून मी ते घरात लावूच देत नाही. बायको म्हणते, तुझंच गाणं तुला आवडत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हा छोट्या आहे ना? मग रेकॉर्डवर कोण आहे?"

"मी," मी म्हणालो. "तीन गाणी साहेबांनी सांगितली म्हणून. हे कोणीही सांगितलं नव्हतं."

बंब म्हणाला, "चांगला मुलगा होता रे तो." त्याने काठ्या पिशवीत घातल्या. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कप्तान मात्र भरपूर बोलला. त्याचं म्हणणं, मी कार्यक्रमांचं वाटोळं करतोय, झालं गेलं, तुला त्यात काही मिळणार नाही, मला तर नाहीच नाही. "आणि बास कोण वाजवणार आता?" मी म्हणालो, "कोणीही. चांगली पोरं आहेत, दोघांचे नंबर देतो." तो म्हणाला, "परत कधी बोलावणार नाही तुला." मी हो म्हणालो. सात शहरांपैकी तीन मी पाहिलेली नाहीत. ती आता राहिली.

कंपनीच्या मुलीने सगळं लिहून घेतलं. म्हणाली, "सर, हे असंच छापायचं? तुमचं म्हणणं, तुमच्या शब्दांत?" मी म्हणालो, असंच. तिने कागद आणून दिला, मी सही केली. पहिल्या तीन गाण्यांवर माझं नाव, आणि ते कसं आलं त्याचा खुलासा. तुला वाईट वाटेल, तुझ्या मुलीलाही. तिला ते कसं सांगायचं, हे मला सुचवता येत नाही. पण ती तीन गाणी तुझ्या डोक्यावरून उतरायला हवीत. त्यांची बरोबरी करता करता तू वाजवायचा हात गमावून बसलास, आणि ती तुझी कधी नव्हतीच.

चौथ्याचं वेगळं आहे. तुझा बास तिथे परत ठेवायचा की नाही, ते तू ठरवायचं. मागच्या वेळी तुला न विचारता झालं. या वेळी तुझा होकार आला तरच ते गाणं निघेल, तुझ्या नावाने. नाही म्हणालास तर गाळतील. कंपनीच्या मुलीने तसं लिहून दिलंय. सोबत गाणं पाठवतो आहे, तुझा बास आणि बंबचा ड्रम. ताईचा मुलगा मोबाईलवर लावून देईल. वाटलं तर मुलीला ऐकव, वाटलं तर एकटा ऐक. क्षमा करशील का, असं मी विचारत नाहीये, आणि क्षमा मागतही नाहीये. आधी तू ऐक.

काल दुपारी मी कंपनीच्या मुलीला घेऊन काकांकडे गेलो. चौथ्या गाण्यावरचा माझा बास फितीवरही होता आणि त्यांनी कॉम्प्युटरमध्ये घेतलेल्या प्रतीतही. तो तिथे असेपर्यंत कोणीतरी कधीतरी म्हणणार होतं, हाच जास्त नीट आहे, हाच लावू. कप्तान नक्की म्हणाला असता. आणि मला माझी खात्री नाही. एखाद्या सकाळी मीच म्हणालो असतो.

काका म्हणाले, "पुसलं की परत येत नाही. विचार केलायस?"

"केलाय."

"चांगला वाजवला होतास, तसं बघायला गेलं तर."

"पुसा, काका."

त्यांनी आधी कॉम्प्युटरमधला काढला. मग फीत लावली. गाणं चार मिनिटांचं आहे आणि फीत पुसायला तेवढाच वेळ लागतो, त्याहून लवकर होत नाही. मी उठलो नाही. चारही मिनिटं खुर्चीवर बसून राहिलो, फीत संपून सुटी फिरायला लागेपर्यंत.

तुझा,
दादा